इंग्रजी आडनावं आणि नावं: अर्थ कसा शोधायचा, कुठे फसगत होते

मोडीवाचक

इंग्रजी नावांचे अर्थ सांगणारी संकेतस्थळं आज पैशाला पासरी आहेत. बेकर म्हणजे भटारी, हिल म्हणजे टेकडी, झालं. शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा बरोबर असतो, पण अमुक घराण्याला ते आडनाव का पडलं याचं उत्तर त्यात नसतं. एकच आडनाव चार गावांत चार कारणांनी पडलेलं असतं आणि उलट एकाच पाळण्यातल्या नावाची वीस-वीस आडनावं झालेली असतात. म्हणून हा धागा. आधी थोडा इतिहास देतो, कारण तो माहीत नसेल तर पुढचं सगळं अधांतरी राहतं.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं तेव्हा तिथे पिढीजात आडनावं नव्हती. ती पहिल्यांदा आली जमीनदारांकडे, कारण जमीन वारसाने जायची आणि नाव तिच्यासोबत जाणं सोयीचं होतं. पर्सी, मॉर्टिमर, माँटगोमेरी ही मुळात नॉर्मंडीतल्या गावांची नावं. सामान्य माणसाला ओळखीपुरतं एक बिरुद असायचं आणि ते त्याच्याबरोबर संपायचं. बाप सुतार म्हणून 'राइट' आणि मुलगा नदीकाठी राहतो म्हणून 'बायवॉटर', असं सर्रास व्हायचं. १४०० च्या सुमारास बहुतेक इंग्रज कुटुंबांत आडनाव स्थिरावलं होतं. दक्षिणेत आधी, उत्तरेत उशिरा, वेल्समध्ये तर कितीतरी उशिरा.

आडनावांचे चार ढोबळ वर्ग करतात: बापाच्या (कधी आईच्या) नावावरून, ठिकाणावरून, धंद्यावरून आणि रूप-स्वभावावरून. ठिकाणाच्या आडनावाबद्दल एक गोष्ट लोक विसरतात. गाव सोडल्यावरच गावाचं नाव चिकटतं. चिपळुणात राहणाऱ्याला चिपळूणकर म्हणून कोण ओळखणार? लिंकन आडनावाचा पूर्वज लिंकनमध्ये शोधण्याआधी लिंकनपासून दहा-वीस मैलांच्या परिघात शोधा.

सांजवारा

उत्तम धागा. एक शंका आहे. फुलर, वॉकर आणि टकर या तिन्हींचा अर्थ बहुतेक ठिकाणी एकच दिलेला दिसतो. असं कसं?

दप्तरदार

सांजवारा, तिन्ही एकाच धंद्याची नावं आहेत, फक्त प्रांत वेगळे. मागावरून उतरलेलं लोकरी कापड तेलकट आणि विरळ असतं. ते हौदात घालून, वर शिळं मूत्र किंवा चिकणमाती टाकून पायांनी तुडवत. तेल सुटायचं, धागे एकमेकांत गुंतायचे, कापड आटून दाट व्हायचं. मग ते चौकटीवर आकड्यांना ताणून वाळवायचं. या तुडवणाऱ्याला दक्षिण आणि पूर्व इंग्लंडमध्ये फुलर म्हणत, नैऋत्येला डेव्हन-सॉमरसेटकडे टकर, आणि उत्तरेत व पश्चिम मिडलँड्समध्ये वॉकर. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून हे काम पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे करू लागले, पण तोवर नाव रुजलं होतं.

याचा व्यवहारात मोठा उपयोग आहे. एखादं टकर घराणं उत्तरेतल्या लंकाशर परगण्यात सापडलं तर ते बाहेरून आलं असावं असा पहिला अंदाज बांधता येतो. विणकरांचंही तसंच. वेब आणि वेबर दक्षिणेकडे, वेबस्टर उत्तरेकडे आणि पूर्वेकडे. '-स्टर' हा जुन्या इंग्रजीत स्त्रीलिंगी प्रत्यय होता: बॅक्स्टर म्हणजे भाकऱ्या भाजणारी, ब्रूस्टर म्हणजे बिअर गाळणारी. पण आडनावं पडायच्या काळात उत्तरेत तो पुरुषांनाही लागत होता, त्यामुळे बॅक्स्टर घराण्याची मूळ व्यक्ती बाईच असणार असं धरून चालू नका.

धंद्याची आणखी काही, ज्यांचा अर्थ आज पटकन कळत नाही: फ्लेचर बाण करणारा, चँडलर मेणबत्त्यांचा, कूपर पिंपांचा, लॉरिमर लगामाच्या कड्या आणि रिकिबी घडवणारा, आर्कराइट पेट्या-संदुका करणारा सुतार, लिस्टर रंगारी, कॉलियर कोळसा पाडणारा. आणि कावर्ड! भेकडाशी काही संबंध नाही, तो गुराखी आहे.

ओवी

> बापाच्या (कधी आईच्या) नावावरून

यावर विस्ताराने लिहायला हवं, कारण अर्थ शोधणाऱ्यांची सर्वांत जास्त दमछाक इथे होते.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये पुरुषांची नावं फार थोडी उरली होती. तिघांमागे एक जण जॉन, बाकीच्यांत विल्यम, टॉमस, रिचर्ड, रॉबर्ट. एका गावात दहा रॉबर्ट असले की लाडक्या रूपांनीच हाक मारावी लागते. ही रूपं यमक जुळवून तयार झाली. रॉबर्टचा रॉब, त्याचा हॉब, त्याचा डॉब. मग आडनावं झाली रॉबसन, रॉबिन्सन, हॉब्ज, हॉबसन, हॉपकिन्स, डॉबसन. रिचर्डचे रिक, हिक, डिक, हिच. त्यांतून हिक्स, हिगिन्स, डिक्सन, डिकन्स, हिचकॉक. रॉजरचे हॉज आणि डॉज, म्हणून हॉजेस, हॉजसन, डॉजसन. वॉल्टरचा उच्चार तेव्हा 'वॉटर' असा 'ल' गिळून व्हायचा, म्हणून वॉट्स, वॉटसन, वॉटकिन्स. १३८१ च्या बंडाचा म्होरक्या वॉट टायलर म्हणजे कौलं घालणारा वॉल्टर.

प्रत्यय ओळखायला शिका. '-किन' हा फ्लँडर्सकडून आलेला लाडाचा प्रत्यय: विल्किन्स, जेन्किन्स (जॉन), पर्किन्स (पिअर्स म्हणजे पीटर), ॲटकिन्स (ॲडम). '-कॉक' पोरसवदा मुलाला लावत: विलकॉक्स, हिचकॉक. '-ऑट', '-एट' फ्रेंच वळणाचे: ह्यूइट (ह्यू), एलियट (एलियास). नुसता शेवटचा 'स' दक्षिणेत आणि वेल्सच्या सीमेवर जास्त, '-सन' उत्तरेत जास्त.

आईच्या नावावरून पडलेलीही भरपूर आहेत: मॅरियट (मेरी), एमेट (एमा), टिलट्सन (मटिल्डा), मेग्सन (मार्गरेट), बीटन (बिॲट्रिस). असं आडनाव म्हणजे अनौरस संतती, हा निष्कर्ष फार घाईने काढला जातो. विधवा आई घर चालवत असेल, किंवा बापापेक्षा आईच्या नावावर जमीन असेल, तरी मुलं तिच्या नावाने ओळखली जात.

खडीसाखर

वेल्सचं काय? जोन्स, डेव्हिस, विल्यम्स इतके का?

ओवी

वेल्समध्ये 'आप' म्हणजे मुलगा. 'हाउएलचा मुलगा रीस' अशी साखळी चालायची आणि दर पिढीला बदलायची. १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या कारभारात आणल्यावर कचेऱ्यांना स्थिर आडनाव हवं झालं. काहींनी 'आप' पुढच्या नावात मिसळला: आप रीसचा प्राइस, आप हाउएलचा पॉवेल, आप ह्यूचा प्यू, आप रिचर्डचा प्रिचर्ड, आब एव्हनचा बेव्हन, आब ओवेनचा बोवेन. बाकीच्यांनी बापाच्या नावाला 'स' लावला. नावंच मोजकी असल्याने जोन्स (जॉनचे) ढिगाने झाले. गंमत म्हणजे वेल्श वर्णमालेत 'जे' हे अक्षर पारंपरिकरीत्या नाहीच.

व्यावहारिक इशारा: वेल्सच्या खेड्यांत अठराव्या शतकातही बाप डेव्हिड इव्हान्स आणि मुलगा इव्हन डेव्हिस असं सापडतं. आडनाव जुळत नाही म्हणून नोंद टाकून देऊ नका.

पाटीपेन्सिल

मुंबई-पुण्यात तोंडावर असलेल्या इंग्रजी नावांवरही कोणी लिहावं. मलबार हिलपासून ग्रँट रोडपर्यंत नावं घेतो पण अर्थ माहीत नसतो.

मोडीवाचक

खात्रीची तेवढी देतो. ग्रँट (गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट, १८३५-३८) हे फ्रेंच 'ग्राँ'वरून, म्हणजे थोर किंवा दांडगा माणूस. यात अनुदानाचा काही संबंध नाही. फ्रिअर म्हणजे बंधू, मठातला भाऊ. आणि गव्हर्नर बार्टल फ्रिअरमधलं 'बार्टल' हे बार्थोलोम्यूचं लघुरूप, त्याच नावातून बेट्स हे आडनावही आलं. क्रॉफर्ड स्कॉटलंडच्या लॅनर्कशरमधलं गाव, 'कावळ्यांचा उतार', उतार म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा. लॅमिंग्टनही तिथलंच, लँबिन नावाच्या माणसाचं गाव. माल्कम हे गेलिक, 'संत कोलुंबाचा सेवक'. विल्सन म्हणजे विलचा मुलगा.

आणि ज्यांच्या कोशाशिवाय मराठीचं पान हलत नाही ते मोल्सवर्थ. '-वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली वाडी, 'मूल' हे जुन्या इंग्रजीतलं माणसाचं नाव. इंग्लंडच्या हंटिंग्डनशर भागात मोल्सवर्थ नावाचं गाव आजही आहे. १८३१ च्या कोशकाराचं आडनाव म्हणजे 'मूलची वाडी'.

ठाकरे या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग विल्यम मेकपीस थॅकरे या कादंबरीकाराच्या आडनावासारखं आहे, हे अनेकांना ठाऊक असतं. त्या इंग्रजी आडनावाचा मराठी ठाकरेंशी व्युत्पत्तीने काही संबंध नाही. ते यॉर्कशरचं, नॉर्स भाषेतलं: 'थॅक' म्हणजे छपराचं गवत, 'रा' म्हणजे कोपरा. गवताळ कोपऱ्यावरचे. मधलं मेकपीस हेही मूळचं आडनावच, भांडणं मिटवणाऱ्याला पडलेलं.

दप्तरदार

फसव्या आडनावांची यादी इथे असायला हवी, म्हणून घालतो.

'-बॉटम' ऐकून लोक हसतात. लंकाशर आणि यॉर्कशरच्या डोंगराळ भागात बॉटम म्हणजे दरीचा तळ. विंटरबॉटम म्हणजे हिवाळ्यात गुरं चारायची दरी. शफलबॉटम ही मेंढ्या धुवायच्या ओढ्याची दरी, तीही उच्चार घासून घासून ओळखू येईनाशी झालेली. ऑनियन्समध्ये कांदा नाही, वेल्श नाव 'एनियॉन' आहे. पेटिफर म्हणजे फ्रेंचमध्ये 'लोखंडी पाय'. नॅश म्हणजे 'ॲश झाडापाशी': 'ॲटन ॲश' म्हणता म्हणता आधीच्या शब्दाचा 'न' पुढे चिकटला. नोक्सचं तसंच, ओक झाडांपाशी.

ब्लॅक तर दोन्हीकडून मारतो. जुन्या इंग्रजीत 'ब्लॅक' काळा आणि 'ब्लाक' फिकट, गोरा. दोन्ही शब्दांची पुढची रूपं एकमेकांत मिसळली. कागदावरच्या आडनावावरून पूर्वज काळा होता की गोरा हे ठरवता येत नाही.

किंग, बिशप, ॲबट ही आडनावं पाहून राजवंश शोधू नका. जत्रेतल्या नाटकात राजाचं सोंग घेणारा, बिशपच्या घरी चाकरी करणारा किंवा नुसताच रुबाबात वावरणारा असे लोक त्यामागे असतात. याच भाबडेपणावर 'तुमच्या आडनावाचं राजचिन्ह' विकणारी दुकानं चालतात. इंग्लंडमध्ये राजचिन्ह आडनावाला मिळत नाही, व्यक्तीला मिळतं आणि तिच्या वंशजांकडे जातं. आडनाव सारखं असणं हा कसलाही हक्क नाही. चौकट विकत घेऊन भिंतीवर लावण्याआधी हे लक्षात असावं.

सांजवारा

मग शोध नेमका सुरू कुठून करायचा? समजा एका इंग्रज आडनावाचं मूळ ठरवायचं आहे.

मोडीवाचक

आजपासून मागे जायचं. अर्थावरून सुरुवात करायची नाही.

इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंद १ जुलै १८३७ पासून आहे, स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून. फ्री-बीएमडी या संकेतस्थळावर इंग्लंड-वेल्सची सूची फुकट पाहता येते. सूची तिमाहीने असते आणि तिमाही नोंदणीची असते, जन्माची नव्हे. नोंदणीला ४२ दिवसांची मुभा होती, म्हणून डिसेंबरातलं मूल पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत सापडतं. मूळ सूचीत आईचं माहेरचं आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून आहे. मात्र जीआरओच्या (जनरल रजिस्टर ऑफिस, म्हणजे सरकारी नोंदणी कचेरी) नव्या ऑनलाइन सूचीत ते १८३७ पासून दिलं आहे, आणि एकाच आडनावाची दोन कुटुंबं वेगळी करायला त्यासारखं साधन नाही. १८७५ आधी नोंद न केल्यास दंड नव्हता, त्यामुळे काही जन्म निसटलेले आहेत.

त्याबरोबर जनगणना. १८४१ ची जपून वापरा: पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत (३९ चा माणूस ३५ चा) आणि जन्मगाव नाही, फक्त याच परगण्यातला की नाही एवढंच. १८५१ पासून जन्माची पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला गावभाग) लिहिलेली असते. इथे तुम्हाला गाव मिळतं.

१८८१ च्या जनगणनेतून त्या आडनावाची माणसं कुठल्या परगण्यात किती होती ते काढा. सटक्लिफ घेतलं तर हॅलिफॅक्सच्या आसपास घट्ट गोळा दिसेल. म्हणजे उगम एकच ठिकाण असण्याची शक्यता मोठी. स्मिथ घेतलं तर सगळा देश भरलेला दिसेल आणि नकाशाचा काही उपयोग नाही.

१८३७ च्या मागे चर्चच्या वह्या, म्हणजे पॅरिश रजिस्टर. ती १५३८ मध्ये टॉमस क्रॉमवेलच्या आदेशाने सुरू झाली, पण सगळ्या पॅरिशची इतकी जुनी वही टिकलेली नाही. तिथे जन्म नसतो, बाप्तिस्मा असतो, आणि कधी तीन-चार भावंडांचा एका दिवशी उरकलेला असतो.

तारखेचा सापळा: १७५२ आधी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं. फेब्रुवारी १७२० असं लिहिलेलं असेल तर आपल्या हिशोबाने १७२१. हे न कळल्याने आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेली मुलं कागदावर तयार होतात.

दप्तरदार

मोडीवाचकांच्या यादीत भर. १७३३ पर्यंत न्यायालयीन कागद लॅटिनमध्ये असायचे, काही चर्चच्या वह्याही. योहानेस म्हणजे जॉन, गुलिएल्मस म्हणजे विल्यम, एजिडियस म्हणजे जाइल्स, राडुल्फस म्हणजे राल्फ, गाल्फ्रिडस म्हणजे जेफ्री. याकोबसचा जेम्स होतो आणि जेकबही होतो, संदर्भ पाहून ठरवावं लागतं. ॲग्नेसचा उच्चार 'ॲनिस' व्हायचा, म्हणून तीच बाई एका नोंदीत ॲग्नेस, दुसरीत ॲनिस आणि तिसरीत ॲन असू शकते.

आडनाव कधी स्थिर झालं हे तपासायला डोईपट्टीच्या (दर माणशी घेतलेल्या कराच्या) याद्या उपयोगी पडतात. ती १३७७, १३७९ आणि १३८१ अशी तीनदा घेतली. १३७७ ला चौदा वर्षांवरच्या माणशी चार पेन्स, १३८१ ला पंधरा वर्षांवरच्या माणशी एक शिलिंग म्हणजे तिप्पट, आणि त्यातूनच वॉट टायलरचं बंड पेटलं. नंतरच्या दोन पट्ट्यांच्या पुष्कळ याद्यांत माणसाचा धंदा नावापुढे वेगळा लिहिला आहे. नाव टेलर आणि धंदा लोहार असं दिसलं की समजावं, आडनाव पिढीजात झालं. नाव टेलर आणि धंदाही शिंपी असेल तर काहीच सिद्ध होत नाही.

खडीसाखर

हल्ली लोक डीएनए चाचणी करतात. त्याने आडनावाचं मूळ कळतं का?

दप्तरदार

आडनाव आणि वाय गुणसूत्र दोन्ही बापाकडून मुलाकडे जातात, म्हणून ताडून पाहता येतं. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी २००० मध्ये साइक्स आडनावाच्या पुरुषांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळपास निम्म्यांचं वाय गुणसूत्र एकाच घडणीचं निघालं. साइक्स म्हणजे ओढा, आणि यॉर्कशरमध्ये ओढ्यांना तोटा नाही, तरी इतके लोक एकाच पूर्वजाकडे जात होते. पुढे लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांच्या कामात दिसलं की आडनाव जितकं दुर्मीळ तितकं हे साम्य जास्त. स्मिथसारख्या आडनावात साम्य जवळपास शून्य. चाचणीने अर्थ कळत नाही, दोन घराणी एका मुळाची आहेत का एवढं कळतं.

पाटीपेन्सिल

आडनावांचं छान झालं. पाळण्यातल्या नावांचं पण येऊ द्या.

ओवी

१०६६ आधीची इंग्रज नावं दोन तुकड्यांची असत: एड (संपत्ती) आणि वर्ड (राखणदार) मिळून एडवर्ड, एल्फ आणि रेड (सल्ला) मिळून आल्फ्रेड. इथे 'संपूर्ण अर्थ' काढायचा मोह आवरायला हवा. वुस्टरचा बिशप संत वुल्फस्टन घ्या. आईचं नाव वुल्फगिफू, बापाचं एथलस्टन. आईकडून 'वुल्फ', बापाकडून 'स्टन', झालं मुलाचं नाव. 'लांडगा-दगड' असा अर्थ कोणाच्या मनातही नव्हता, नातं दाखवायचं होतं.

नॉर्मन आले आणि दोन-तीन पिढ्यांत ही नावं बाजूला पडली. विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री, ह्यू, मटिल्डा, ॲलिस आली. एडवर्ड टिकलं कारण तिसऱ्या हेन्रीने १२३९ मध्ये झालेल्या मुलाला संत-राजा एडवर्डचं नाव दिलं. धर्मसुधारणेनंतर बायबलच्या जुन्या करारातली नावं वाढली आणि प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंट) घरांत गुणांची: फेथ, प्रुडन्स, ग्रेस. १६५३ च्या संसदेला ज्याच्यावरून बेअरबोनची संसद म्हणतात त्या सभासदाचं नाव 'प्रेझ-गॉड', म्हणजे 'देवाची स्तुती कर'.

लघुरूपांची गुरुकिल्ली दोन नियमांत आहे. 'र'चा 'ल' होतो: मेरीची मॉली, साराची सॅली, हॅरीचा हॅल, डोरोथीची डॉली. आणि 'माझा' या अर्थाच्या जुन्या 'माइन'चा 'न' चिकटतो: माइन एडचा नेड, माइन एलनची नेल, माइन ॲनची नॅन. मार्गरेटची डेझी कशी? फ्रेंचमध्ये 'मार्गरीत' हे डेझीसारख्या फुलाचं नाव.

आडनावं उलटी पाळण्यातही आली: स्टॅन्ली, क्लिफर्ड, ॲशली. शर्ली ('-ली' म्हणजे जंगलातली मोकळी जागा) हे आडनाव, मग क्वचित मुलांचं नाव. १८४९ मध्ये शार्लट ब्रॉन्टेच्या कादंबरीतल्या नायिकेला ते मिळालं आणि पुढे मुलींचंच झालं. ब्रॉन्टे हे आडनावही बदललेलं. तिच्या आयरिश वडिलांच्या घरी ते ब्रन्टी किंवा प्रन्टी असं लिहिलं जायचं. इंग्लंडात आडनाव बदलायला परवानगी लागत नाही, वापर पुरतो. त्यामुळे अशी उदाहरणं शोधात हमखास आडवी येतात.

सांजवारा

अवांतर: ही नावं देवनागरीत लिहिताना उच्चार कसा ठरवायचा?

मोडीवाचक

अवांतर नाही, महत्त्वाचं आहे. स्पेलिंगवरून लिहायला गेलं की 'चॉल्मॉन्डली' होतं, उच्चार आहे 'चमली'. 'ब्यूशाँ' वाटेल त्याचा उच्चार 'बीचम', 'सेंट जॉन' हे नाव म्हणून आलं की बऱ्याचदा 'सिंजन', 'मेनवेरिंग' म्हणजे 'मॅनरिंग', 'फेदरस्टोनहॉ' म्हणजे 'फॅन्शॉ'. स्कॉटिश मेन्झिसचा जुना उच्चार 'मिंगिस', कारण तिथल्या जुन्या लिपीत 'य'च्या जवळचं योघ नावाचं अक्षर होतं. छापखान्यात त्याचे खिळे नव्हते, म्हणून दिसायला जवळचं झेड बसवलं गेलं. डॅल्झिएलचा 'डीएल' याच वाटेने. मूळ शोधताना हे उच्चारच हाताशी धरा, कारण पाद्री ऐकलं तसं लिहायचा आणि एकाच माणसाचं आडनाव तीन नोंदींत तीन स्पेलिंगांनी सापडतं.

खडीसाखर

वसई आणि गोव्याकडची डिसोझा, परेरा, फर्नांडिस यात बसतात का?

दप्तरदार

नाही, ती पोर्तुगीज आहेत. त्यांच्यासाठी गोव्याच्या आणि वसईच्या चर्चच्या वह्या पाहाव्या लागतात, वरची इंग्रजी साधनं निरुपयोगी. अँग्लो-इंडियन कुटुंबांची इंग्रजी आडनावं मात्र यात येतात. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या चर्चनोंदींच्या प्रती लंडनला जायच्या. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार पाहणारं लंडनमधलं जुनं सरकारी खातं) दप्तरात आहेत, त्यांचे क्रमांक असे: बंगालसाठी एन/१, मद्रासासाठी एन/२, मुंबईसाठी एन/३. रेल्वे, तारखातं किंवा पलटणीतला पूर्वज असेल तर एन/३ पासून सुरुवात करा, आणि नोंदीत पलटणीचं नाव असेल तर ते आधी उतरवून घ्या. मूळ गाव बहुधा भरतीच्या कागदातच मिळतं.